वर्गातलं जर्मन आणि जिन्यातलं जर्मन

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी-वनची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली मुलगी श्टुटगार्टला पोचते. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये दूध, ब्रेड आणि टोमॅटो घेऊन काउंटरपाशी उभी राहते. कॅशियरबाई मान वर न करता एका दमात काहीतरी विचारतात. मुलीला कर्मणी प्रयोग येतो, जर-तरची वाक्यं येतात, पर्यावरणावर नीटनेटकं पत्रही लिहिता येतं. बाईंचं बोलणं मात्र कळत नाही. बाईंनी एवढंच विचारलेलं असतं, की पॉइंट्स जमा करता का. मग रोख की कार्ड. मग पावती हवी का. मोठ्या साखळी-दुकानांत हे तीन प्रश्न बहुधा याच क्रमानं येतात आणि तोवर पट्ट्यावरून मागच्या माणसाचं सामान पुढे सरकत असतं. पिशवी आपली आपणच भरायची असते, तीही बाईंच्या वेगानं.

परीक्षेतलं ऐकणं आणि काउंटरवरचं ऐकणं यांत बरंच अंतर आहे. परीक्षेत रेकॉर्डिंगचे काही भाग दोनदा ऐकवतात, उत्तराचे पर्याय छापून हातात दिलेले असतात, बोलणारा माणूस तोंडातल्या तोंडात बोलत नाही. काउंटरवर यातलं काहीच नसतं. जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना या अंतराची कल्पना फार कमी असते. व्हिसा, बँकेतले पैसे, विद्यापीठाचं प्रवेशपत्र यांतच सगळी शक्ती खर्च होते.

निघणाऱ्यांची संख्या तर वाढतेच आहे. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांतल्या भारतीय विद्यार्थ्यांनी चिनी विद्यार्थ्यांना संख्येत मागे टाकलं आणि २०२३-२४ मध्ये हा आकडा ४९ हजारांच्या वर गेला. त्यात विद्यापीठाबाहेरची वाटही उघडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी आपल्याकडच्या तरुणांना आधी जर्मन शिकवायचं आणि मग तिकडे पाठवायचं, अशी ती योजना. श्टुटगार्ट ही या राज्याची राजधानी आणि मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे. म्हणून या लेखात जर्मनी म्हणजे मुख्यतः हा नैर्ऋत्येकडचा भाग समजावा. बर्लिनचे बहुतेक नियम तेच असले, तरी बर्लिनचा स्वभाव वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

भाषेच्या पायऱ्यांचा हिशेब थोडक्यात सांगून टाकू. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या. स्थलांतरितांसाठी जर्मन सरकार जो एकात्मतेचा अभ्यासक्रम चालवतं, त्यात बी-वनपर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ६०० तास धरलेले आहेत. त्यावर १०० तास देशाचा कायदा, इतिहास, रीतिरिवाज यांचे. नागरिकत्वासाठी बी-वन लागतं, परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-टू, आणि जर्मन माध्यमातून पदवी करायची तर बहुतेक ठिकाणी सी-वनच्या आसपासची परीक्षा. इंग्रजी माध्यमातल्या एम.एस.ला बहुधा जर्मन लागत नाही, आणि पुढे नोकरी शोधताना अडचण होते ती याच मुलांची.

आता भाषेकडे. जर्मन अवघड आहे ही समजूत आपण इंग्रजांकडून घेतली. त्यांना ती अवघड आहेच. मराठी माणसाला तिच्यातल्या निम्म्या गोष्टींचं नवल वाटायला नको. तीन लिंगं घ्या. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. इंग्रजाला प्रश्न पडतो की चमच्याला लिंग कशाला. आपल्याला फक्त एवढं लक्षात ठेवायचं की आपला काटा 'तो' आणि त्यांचा 'ती', आपली सुरी 'ती' आणि त्यांची 'ते'. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे यावर जगभरचे विद्यार्थी हसतात. 'ते पोर', 'ते लेकरू' म्हणत वाढलेल्या माणसानं हसण्याचं कारण नाही.

संख्यांचंही तसंच. एकविसाला जर्मन माणूस 'एक-आणि-वीस' म्हणतो, सत्तेचाळिसाला 'सात-आणि-चाळीस'. एकक आधी, दशक मागून. आपलं एकवीस, बावीस, सत्तेचाळीस याच वळणाचं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. जर्मनीतही 'वीस-एक' म्हणावं असा आग्रह धरणारी एक संस्था आहे आणि तिचंही फार कोणी ऐकत नाही. गंमत सोडा, पण फोन नंबर लिहून घेताना हे महत्त्वाचं ठरतं. तिकडे बरेच लोक नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ते इंग्रजीतून लिहून घ्यायला गेलं की ४७ चे ७४ होतात. मराठीतून ऐकलं तर होत नाहीत.

वेळ सांगण्यात तर मराठी अधिकच उपयोगी. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच. शब्दशः पाहिलं तर 'अर्धा तीन', म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. इंग्रजीच्या सवयीनं ऐकणारा त्याचे साडेतीन करतो आणि तासभर उशिरा पोचतो. श्टुटगार्टच्या बाजूला त्याहून पुढची गोष्ट ऐकू येते. तिथे 'फिअर्टल द्राय', म्हणजे 'पाव तीन', हे सव्वादोन आणि 'द्रायफिअर्टल द्राय', म्हणजे 'पाऊण तीन', हे पावणेतीन. उत्तरेकडचे जर्मनही यात गोंधळतात. ज्याच्या डोक्यात सव्वा, अडीच, पावणे आधीपासून आहेत, त्याला आठवड्याभरात जमतं. क्लासमध्ये सगळी उदाहरणं इंग्रजीतून समजावून देतात, ही मला आपल्याकडच्या जर्मन शिकवण्यातली मोठी उणीव वाटते. मराठी बोलणाऱ्या मुलांना मराठीतून जर्मन शिकवलं तर कितीतरी वळसे वाचतील.

खरी अडचण कुठे येते? विभक्तीत. आपण प्रत्यय नामाला लावतो, मुलाला, मुलाचा, मुलाशी. जर्मन माणूस नाम बहुधा तसंच ठेवतो आणि त्याच्या आधीचा छोटा शब्द बदलतो. पुल्लिंगी नामाआधीचा 'डेअर' कर्म झाला की 'डेन' आणि 'ला'च्या अर्थी 'डेम'. आपल्याला नामाआधी काही लावायची सवयच नाही, त्यामुळे बोलताना आधी तो शब्द विसरतो आणि मग त्याचं रूप. दुसरी अडचण, दोन तुकड्यांची क्रियापदं. अर्धं क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि उरलेला तुकडा थेट शेवटी. याचा अनुभव रेल्वे स्टेशनवर येतो. 'पडते' या अर्थाचं 'फेल्ट' ऐकू येतं, मग गाडीचं नाव, कुठून कुठे, कशामुळे, आणि सर्वांत शेवटी 'आउस'. त्या 'आउस'नं गाडी रद्द झाल्याचं कळतं. पण 'येईन, जाईन, करीन' म्हणून झाल्यावर शेवटी 'असं वाटत नाही' जोडणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला वाक्य संपेपर्यंत थांबणं जमायला हवं.

स्टेशनवरची आणखी एक घोषणा वर्गात शिकवत नाहीत. काही गाड्या वाटेत दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. 'त्सूगटाइल', म्हणजे गाडीचा भाग, हा शब्द कानावर पडला की पुस्तक मिटून आपण कोणत्या भागात बसलोय ते शेजारच्याला विचारावं.

हे सगळं झालं प्रमाण जर्मनचं. श्टुटगार्टला आणि आसपास लोक बोलतात श्वेबिश. 'इख हाबं', म्हणजे माझ्याकडे आहे, याचं तिथे 'इ हान' होतं, नकाराचा 'निख्ट' आखडून 'नेट' होतो आणि कित्येक नामांना लाडानं 'ले' लागतो. 'हाउस'चं 'हॉयझले', आपल्या घरकुलासारखं. या राज्यानं १९९९ पासून कितीतरी वर्षं स्वतःची जाहिरातच अशी केली होती, की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. ज्या राज्यात यंत्रं आणि मोटारी बनवणाऱ्या जगप्रसिद्ध कंपन्या आहेत, त्याला ही थट्टा परवडते. पण नर्सिंग होममध्ये ऐंशी वर्षांच्या आजींना 'कुठे दुखतंय' विचारणाऱ्या साताऱ्याच्या मुलीला ती परवडत नाही. आजी प्रमाण भाषेत सांगणार नाहीत. म्हणून या राज्यात कामाला जाणाऱ्यांच्या कानांवर भारतात असतानाच श्वेबिशचे निदान पन्नास-शंभर शब्द पडायला हवेत, असं माझं मत आहे. तोवर 'लांगझामर, बिट्टं', म्हणजे जरा सावकाश, हे दोन शब्द कामी येतात. बहुतेक लोक लगेच सावकाश बोलतात, फक्त मागायची लाज वाटू देऊ नये.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस कागदांचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंदणी करायची, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. कचेरीत जायला आधी वेळ घ्यावी लागते, आणि मोठ्या शहरात ती वेळ पंधरा दिवसांत मिळेलच असं नाही. म्हणून विमानात बसण्याआधीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवणारे शहाणे. नोंदणी झाली की कर-क्रमांक पोस्टानं घरी येतो. त्यामागोमाग आणखी एक पत्र येतं, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. ही वर्गणी माणशी नसून घराला आहे, त्यामुळे चौघं मिळून राहत असतील तर एकानं भरावी आणि बाकीच्यांनी त्याला वाटा द्यावा. न भरलेली वर्गणी दंडासकट वाढत जाते. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना ते महाग पडतं.

पत्रं हा तिथल्या जगण्याचा मोठा भाग आहे. बँक, विमा कंपनी, परदेशी नागरिकांची कचेरी, सगळे अजून पोस्टानं लिहितात. आणि तिथे फ्लॅट नंबर अशी गोष्ट बहुतेक इमारतींत नसतेच. पोस्टमन बघतो ते आडनाव. बेलच्या पाटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं, मग पत्ता कितीही बरोबर असो. पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर चिकटवावं, पितळी पाटी नंतर होईल. अशी पत्रं वाचणं हा भाषेचा उत्तम अभ्यासही आहे. सरकारी जर्मन रुक्ष असतं, पण त्याचे शब्द ठरलेले असतात. मुदत, हरकत, पुरावा, सही, थकबाकी. वीसेक पत्रं शब्दकोश घेऊन वाचली की एकविसावं आपोआप कळतं.

अरे-अहोचा प्रश्न आपल्याला नवा नाही. विद्यार्थी एकमेकांना 'डू', कचेरीत, दुकानात, शेजारच्या काकूंना 'झी'. देवाला आणि आईला तिकडेही एकेरीच. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की एकेरीवर यायचं ते वयानं किंवा अधिकारानं मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून, धाकट्यानं आपण होऊन सुरुवात करायची नाही.

आता जिन्याकडे येऊ. श्वेबियात, म्हणजे श्टुटगार्ट आणि भोवतालच्या मुलखात, 'केअरवोखं' नावाची चाल आहे, झाडलोटीचा आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे पाळी येते. पाळी आली की दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी किंवा पुठ्ठ्याची पाटी लटकलेली दिसते, शेजाऱ्यानं आपलं काम संपवून ती आपल्याकडे सरकवलेली असते. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घ्यायचा, मोठ्या पाळीत तळघराचा जिना, समोरचा फुटपाथ आणि कचऱ्याचे डबे. हिवाळ्यात सकाळी लोक कामाला निघण्याआधी फुटपाथवरचा बर्फ काढायचा, कोणी घसरून पडलं तर जबाबदारी आपली. शनिवारी जिना पुसला गेला नाही तर रविवारी कुणी काही बोलत नाही, सोमवारी मात्र खालच्या मजल्यावरच्या बाई 'गुटेन टाग' म्हणताना थोडं थांबतात. तेवढ्यात काय ते समजायचं.

नव्यानं गेलेल्याला ही चाल जाच वाटते. माझ्या मते भाषा शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. जिना पुसताना वरून-खालून माणसं जातात, थांबतात, बोलतात. हवा, गुडघे, पार्सल, कोणाची मांजर. रोज थोडं, तेच तेच विषय, समोरच्याला घाई नाही. तुम्ही बादली घेऊन उभे आहात म्हटल्यावर तुमच्याबद्दल मत बरं झालेलं असतं आणि चुकीच्या विभक्तीकडे दुर्लक्ष होतं. वर्गात आठवड्याभरात एकेकाला जेवढं बोलायला मिळतं, तेवढं इथे एका शनिवारी मिळतं.

खिडक्यांचं शास्त्र वेगळं. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची आणि पुन्हा बंद करायची, दिवसभर किलकिली ठेवायची नाही. कारण साधं आहे. अंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर जमते आणि बुरशी धरते. खिडकी पूर्ण उघडली की दमट हवा झटकन बाहेर जाते आणि भिंती गार होण्याआधी काम होतं, किलकिल्या खिडकीनं भिंत गार पडते आणि ओल तशीच राहते. भाडेकरारात हे कलम असतं आणि बुरशी दिसली तर अनामत रकमेतून कापून घेण्यावरून वाद होतात. अनामत कायद्यानं मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते, तेव्हा विषय किरकोळ नाही. आपला डाळभात, कुकर आणि फोडणी म्हणजे वाफच वाफ. एका खोलीच्या घरात फोडणीनं धुराचा अलार्मही वाजतो. काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि निष्कारण बंब आला तर बिल विद्यार्थ्याच्या नावे निघू शकतं. खिडकी आधी, फोडणी नंतर.

कचरा चार-पाच रंगांच्या डब्यांत टाकायचा असतो, ते कोणीही दाखवतं. काचेच्या बाटल्यांचे सार्वजनिक डबे पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी काचेचे वेगळे, आणि त्यांत रविवारी किंवा रात्री बाटली टाकायची नाही, आवाज होतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी मिळते. रविवारी दुकानं बंद. रविवारची विश्रांती जर्मन राज्यघटनेनंच राखलेली आहे. शनिवारी संध्याकाळी कांदे-बटाटे आणले नाहीत तर स्टेशनवरच्या महागड्या दुकानाशिवाय गती नाही. त्या दिवशी भिंतीत खिळाही ठोकू नये.

पोळीचं पीठ हा मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न. जर्मन गव्हाच्या पिठावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. राख उरते ती मुख्यतः कोंड्यातल्या खनिजांची, म्हणून आकडा लहान तितकं पीठ मैद्याकडे झुकणारं. ४०५ ची पोळी चिवट होते. १०५० बरं, पण त्याचा पोत आपल्या कणकेसारखा नसतो. अख्ख्या गव्हाच्या पिठाला, म्हणजे 'फोलकोर्न'ला, आकडाच नसतो. बरेच जण या दोन पिठांचं मिश्रण करून पाहतात आणि शेवटी आशियाई किंवा तुर्की दुकानातून आटा आणतात. तुर्की दुकानात कोथिंबीर, मेथी आणि ढोबळी नसलेल्या मिरच्याही मिळतात, आणि तिथला दुकानदारही एकेकाळी तुमच्यासारखाच जर्मन शिकलेला असतो, त्यामुळे चुकांना कंटाळत नाही.

पैशांचं एका परिच्छेदात. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात आधी भरावी लागते, सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो धरली जाते, म्हणजे महिन्याला ९९२. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. काम निवडताना ताशी युरो-दोन युरो कमी मिळाले तरी जिथे बोलावं लागतं ते घ्यावं. गोदामात रात्री खोकी लावून जर्मन येत नाही.

भाषेचा सर्वांत मोठा अडथळा मात्र व्याकरणात नाही, तो इंग्रजीत आहे. तुम्ही अडखळलात की समोरचा तरुण लगेच इंग्रजीवर येतो. तो मदतच करत असतो. बर्लिनच्या कॅफेत तर वेटरलाच जर्मन येत नाही असा अनुभव येतो. शंभर वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. मोजमापं करून त्यांनी संबंध आढळत नाही असा निष्कर्ष काढला. वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या मार्गदर्शकाला न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला, आणि तो प्रबंध जर्मनमध्ये आहे. मार्गदर्शकाशी त्याच्याच भाषेत मतभेद नोंदवण्याइतकं जर्मन येणं, ही मजल कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी.

आज ती सक्ती आपली आपणच लावून घ्यावी लागते, आणि तिची सुरुवात गाव निवडण्यापासून होते. नुसती भाषा शिकायला जाणार असाल तर बर्लिन, म्युनिक टाळा. भाडी परवडत नाहीत आणि इंग्रजी सुटत नाही. लहान गावांची नावं आपल्याकडे कोणी सुचवत नाही, पण आपल्याकडची मॅक्सम्युलर भवनं चालवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटनं अनेक वर्षं आपलं एक केंद्र श्वेबिश हाल या कोखर नदीकाठच्या छोट्या गावात चालवलं, ते उगाच नाही. मिठामुळे श्रीमंत झालेलं हे जुनं गाव. सांक्ट मिखाएल चर्चच्या मोठ्या दगडी पायऱ्यांवर उन्हाळ्यात नाटकं होतात, ही प्रथा १९२५ पासूनची. अशा गावात दुसऱ्या आठवड्यात बेकरीवाली तुम्हाला ओळखू लागते आणि तिच्याशी इंग्रजीत बोलावं असं तुम्हालाही वाटत नाही.

राहण्याच्या बाबतीत माझं मत अनेकांना आवडत नाही. चार मराठी मुलांनी एकत्र घर घेतलं की पहिला महिना सुखाचा जातो आणि तिसरं सत्र जड जातं. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, फोनवर पुन्हा मराठी, जर्मनला जागाच उरत नाही. जर्मन विद्यार्थ्यांबरोबर सामायिक घरात एक खोली घ्यावी, भांडी कोणी घासायची यावरची भांडणंसुद्धा जर्मनमध्ये होतात आणि भांडताना भाषा फार लवकर येते. मोठ्या शहरांतली महाराष्ट्र मंडळं गणपतीला, दिवाळीला जरूर गाठावीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा श्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि काही दिवस तर ढगांतून दिसतच नाही, तेव्हा आपली माणसं लागतातच. पण आठवड्याचे बाकीचे दिवस गावातल्या 'फेराइन'चे असावेत. फेराइन म्हणजे मंडळ. टेबल टेनिसचं, गाण्याचं, डोंगर चढायचं, बुद्धिबळाचं. जर्मनीतले बहुतेक अग्निशामकही स्वयंसेवक असतात आणि गावोगावची त्यांची मंडळं नवी माणसं शोधत असतात. जर्मन माणूस ट्राममध्ये अनोळखी माणसाशी बोलणार नाही, पण मंडळात दर मंगळवारी भेटणारा माणूस त्याला अनोळखी राहत नाही. मैत्री व्हायला वेळ लागतो आणि झाल्यावर ती टिकते, असा अनुभव बहुतेक जण सांगतात.

कानासाठी फुकटचं साहित्य भरपूर आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ अभ्यासक्रम आणि सावकाश वाचलेल्या बातम्या, किंवा मुलांसाठीचं 'लोगो' हे बातमीपत्र. लहान मुलांच्या बातम्या पाहायला कमीपणा वाटतो, पण त्यांत निवडणूक म्हणजे काय, महागाई का वाढते, हे सोप्या वाक्यांत सांगतात, आणि देश समजायला तेच हवं असतं.

शिकवणीसाठी महागड्या खासगी शाळा शोधण्याआधी 'फोल्क्सहोखशूलं' पाहा. नगरपालिकांच्या आधारानं चालणारी ही प्रौढ शिक्षणाची केंद्रं देशभर आठशेहून अधिक आहेत. संध्याकाळचे जर्मनचे वर्ग तिथे स्वस्तात होतात. शेजारच्या बाकावर सिरियन डॉक्टर, युक्रेनी शिक्षिका, ब्राझीलचा सुतार असे लोक असतात, त्यामुळे आपसांत बोलायलाही जर्मनशिवाय गत्यंतर नसतं. तिथेच शिवणकाम, केक, सायकल दुरुस्तीचेही वर्ग असतात, जर्मन लोकांसाठी जर्मनमध्ये चालणारे. बी-वन हातात असेल तर भाषेच्या वर्गाऐवजी सायकल दुरुस्तीचा घ्या, असं मी सांगेन. सत्रं साधारण फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात, जागा आधीच भरतात. ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी जाणार असाल तर नाव इथूनच, ऑगस्टमध्ये नोंदवा.